अठरा तास आणि आठ तास



एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांतून, विहारांतून आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतून एक चांगला उपक्रम राबविला जातो. मुले-मुली सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत असत. तेव्हा नुसता हार घालून त्यांना अभिवादन होत नाही, पुस्तक उघडावे लागते, ही त्यामागची भावना. रात्रभर कर्णे लावून नाचण्यापेक्षा हा मार्ग शतपटीने बरा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु हेच अठरा तास हल्ली भलत्याच ठिकाणी वापरले जाऊ लागले आहेत. सिक्युरिटीत नोकरी करणारा एखादा तरुण, रिलीव्हर आला नाही म्हणून लागोपाठ दोन ड्यूट्या काढतो. संगणक कंपनीतला मुलगा अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्री एक वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर बसून असतो. कार्यालयातले साहेब सात वाजून गेले तरी खुर्ची सोडीत नाहीत. घरातून कोणी तक्रार केली की उत्तर ठरलेले, "अगं, बाबासाहेब अठरा तास काम करीत होते. आम्ही बारा तास केले तर काय बिघडले?" आता यावर ती बाई काय बोलणार? बाबासाहेबांचे नाव आले की ती बिचारी गप्प बसते.

आम्हाला वाटते, तिने गप्प बसू नये. ज्या महामानवाच्या अठरा तासांचा दाखला दिला जातो, त्याच महामानवाने कामगाराचे तास कमी व्हावेत म्हणून कायदेमंडळात विधेयक मांडले होते. अठरा तास करणारे बाबासाहेब आणि आठ तासांचा आग्रह धरणारेही बाबासाहेबच. या दोहोंचा मेळ कसा घालायचा हे नीट समजून घेतले, तर आपल्या घरांतले पुष्कळ प्रश्न सुटतील. नोकरी चालू असतानाचे सुटतील आणि नोकरी संपल्यानंतरचेही.

रविवार कोणी दिला?

आज रविवारची सुटी आपल्याला ऊन-पावसासारखी आपोआप मिळालेली वाटते. ती तशी मिळालेली नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत माणसे राबत आणि आठवड्याला एक दिवस सुटी द्यावी असा नियम नव्हता. महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र आणले आणि त्यांच्या मागण्या सरकारपुढे ठेवल्या. त्या मागण्या आज वाचल्या की मन थक्क होते. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत व्हावा. आणि कामावर जखमी होऊन कोणी जन्माचा अधू झाला, तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. म्हणजे विश्रांती आणि पेन्शन या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कागदावर मागितल्या होत्या. अखेर १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

पुढे तास कमी होत गेले ते इंचाइंचाने. १९२२ साली कारखान्यातील मोठ्या माणसांसाठी दिवसाला ११ तास आणि आठवड्याला ६० तास अशी मर्यादा आली. १९३४ च्या कायद्याने ती १० आणि ५४ झाली. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. परळच्या बी.आय.टी. चाळीत, गिरणगावाच्या अगदी मध्यावर, त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे काढली होती. पाळीवरून परतणारा माणूस कसा दिसतो हे त्यांना कोणी अहवालातून सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यातील कामगाराला वर्षाची पगारी रजा कायद्याने मिळाली. १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. ४८ ला सहा दिवसांनी भागा. येतात ते आठ तास.

म्हणून आज तुम्ही संध्याकाळी उजेडात घरी पोहोचत असाल, तर त्या उजेडामागे साठ वर्षांची लढाई आहे. ती कमाई कोणाच्या तरी घामाची आहे. तेव्हा ती कोणाला आणि कितीला विकायची, याचा विचार व्हायला नको काय?

अठरा तास कोणाचे होते?

आता बाबासाहेबांच्या अठरा तासांकडे वळू. ते तास त्यांनी कोणत्या ठेकेदाराला दिलेले नव्हते. कोणाच्या नफ्याचा आकडा फुगावा म्हणून ते जागले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अक्षराची बंदी होती, अशांच्या वतीने वाचायचे आणि लिहायचे ते काम होते. त्यांचे तास त्यांचे स्वतःचे होते, आणि ते कुठे खर्च करायचे हे त्यांनी स्वतः ठरविले होते. बारा तास फाटकावर उभ्या असलेल्या आपल्या मुलाचे तास त्याचे नाहीत. दोहोंची तुलना करणे म्हणजे मुलाची थट्टा करणे आहे.

शिवाय त्या अठरा तासांची किंमत कोणी मोजली, हेही विसरून चालणार नाही. माता रमाईंनी ती मोजली. नवरा परदेशी शिकत असताना तुटपुंज्या पैशांत घर चालविले, चार लेकरांची मरणे पाहिली आणि २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि त्यांनी सोबतीने सोसलेल्या दिवसांचे ऋण तिथे छापील अक्षरांत मान्य केले. स्वतः बाबासाहेबांचे शरीरही मधुमेहाने आणि सततच्या श्रमाने खचले आणि वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. ज्याला त्यांच्या तासांचा दाखला द्यायचा असेल, त्याने या किमतीचाही दाखला दिला पाहिजे.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, अभ्यासासाठी जरूर अठरा तास बसा. पण मालकाने बारा तास मागितले तर बाबासाहेबांचे १९४६ सालचे विधेयक आठवा.

घड्याळ पुन्हा उलटे फिरते आहे

हे सर्व जुने झाले असे कोणी समजू नये. २०२३ साली एका बड्या संगणक कंपनीच्या संस्थापकांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचविले. २०२५ च्या जानेवारीत दुसऱ्या एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखांचे ९० तासांचे बोलणे गाजले. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतील ९ वरून १० तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. तीन महिन्यांत जास्तीत जास्त ११५ तास ओव्हरटाइम करता येत असे, तो १४४ तासांपर्यंत नेण्याचेही ठरले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतही आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला कामगाराची संमती लागते आणि त्याचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. कायद्यातला हा दुपटीचा शब्द आपल्या मुलांना पाठ असला पाहिजे. कारण ठेक्यावरच्या पोराला बारा तास उभे करून सिंगल दराने पैसे हातावर ठेवण्याचे प्रकार काही थोडे नाहीत. कामावरचे तास आपल्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. पुढे तक्रार करायची वेळ आली तर ती वही बोलते.

प्रकृतीचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून केलेला अभ्यास मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असे त्यात आढळले. साठीनंतर सुखाने जगू म्हणून जो माणूस पन्नाशीपर्यंत स्वतःला पिळून काढतो, त्याने हे आकडे भिंतीवर लावावेत.

घराचा हिशेब

आता घरातलाच एक साधा हिशेब करून पाहू. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा अशा ठिकाणी आपली पुष्कळ कुटुंबे राहावयास गेली आहेत. चाळ सुटली, ब्लॉक मिळाला, पण जाण्या-येण्याचे तीन तास वाढले. बारा तासांची ड्यूटी आणि तीन तासांचा प्रवास मिळून पंधरा तास झाले. सात तास झोप धरली तर बावीस. उरले दोन. त्या दोन तासांत आंघोळ, जेवण, दाढी, बाजार आणि मोबाइल. मुलाच्या वहीवर नजर टाकायला कोणता तास उरला?

आठ तासांची ड्यूटी असेल तर हेच दोन तास सहा होतात. फरक रोजचा चार तासांचा, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याला चोवीस तास. दर आठवड्याला एक अख्खा दिवस आणि अख्खी रात्र! तीस वर्षांच्या नोकरीत ही बेरीज चार वर्षांच्या वर जाते. मूल जन्मल्यापासून बालवाडीत जाईपर्यंतचा काळच तो. घराचे हप्ते, मुलांच्या फिया, गावाकडचे आजारपण यांमुळे ओव्हरटाइम करावाच लागतो, हे आम्ही जाणतो. ज्याच्यापुढे दुसरा मार्ग नाही त्याला आम्ही उपदेश करणार नाही. त्याला दुप्पट दर आणि आठवड्याची सुटी मिळवून देणे हे संघटनेचे काम आहे. आमचे बोलणे ज्यांना मार्ग आहे त्यांच्याशी आहे. हप्ते फिटले, मुले कमावती झाली, तरीही केवळ सवयीने खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांशी आहे.

आणखी एका वर्गाशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. आपले कार्यकर्ते बंधू कामावरून सुटतात आणि सरळ मंडळाच्या बैठकीला जातात. मग युनियन, मग वर्षावासाच्या कार्यक्रमाची आखणी, मग कोणाची तरी भांडणे मिटविणे. घरी येईतो अकरा वाजतात. चळवळीला अशी माणसे हवीतच. परंतु ज्याच्या भाषणाने सभागृह भारावते, त्याचा स्वतःचा मुलगा कोणत्या इयत्तेत आहे हे त्याला बायकोला विचारावे लागत असेल, तर काही तरी चुकते आहे. यावर उपाय चळवळ सोडणे हा नाही. बायको-मुलांना बैठकीला सोबत न्या. ताईंना नुसते चहापाण्याला न ठेवता खुर्चीवर बसवा. आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी घरासाठी राखून ठेवा, त्या दिवशी चळवळ दुसरा कोणी तरी सांभाळील.

तिचे घड्याळ

इतका वेळ आम्ही जो हिशेब मांडला तो पुरुषाचा. स्त्रीचा हिशेब वेगळा आहे. २०१९ साली सरकारने देशभर घरोघरी जाऊन लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, त्यात घालवितात असे दिसले. असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे होती. आणि मुळात असे काम करणारे पुरुष शंभरात अवघे सव्वीस निघाले.

आपली नर्सताई, अंगणवाडी सेविका, शाळेतल्या बाई, महापालिकेतली सफाई कामगार भगिनी आठ तासांची नोकरी करून येतात आणि दाराशी चप्पल काढल्याबरोबर त्यांची दुसरी पाळी सुरू होते. या पाळीला हजेरीपट नाही, रविवार नाही आणि सेवानिवृत्तीचे वयही नाही. नवऱ्याला ५८ व्या वर्षी निरोपाचा नारळ मिळतो. तिला तो कधीच मिळत नाही. उलट नवरा निवृत्त होऊन घरी बसला की तिचे काम वाढते. दहाचा चहा, बाराचे जेवण, चारचा पुन्हा चहा. समतेच्या गोष्टी आपण व्यासपीठावर करतो. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडकून पडता कामा नयेत. कुकर लावणे, भांडी घासणे, कपडे वाळत घालणे ही कामे पुरुषाने निवृत्त झाल्यावर शिकायची नसतात. ती तिशीतच हाताला लागली तर साठीत दोघांनाही विश्रांती मिळते.

निवृत्तीची दोन पासबुके

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ कारखान्यातून निवृत्त झाले. चौतीस वर्षांत त्यांनी मिळेल तो ओव्हरटाइम केला. मुलांना शिकविले, दोन खोल्यांच्या चार केल्या. माणूस निर्व्यसनी, सज्जन. निवृत्तीनंतर मात्र ते दिवसभर गॅलरीत बसून असतात. मुले वाईट नाहीत, पण वडिलांशी बोलण्याची त्यांना सवयच नाही. बाबा कामावर असतात किंवा झोपलेले असतात, हेच त्यांनी लहानपणापासून पाहिले. पहिल्या आठवड्यातच त्यांच्या सौभाग्यवतींनी भाबडेपणाने विचारले, "आता तुम्ही रोजच घरी असणार का हो?" हसण्यासारखी गोष्ट आहे, पण त्या घरात कोणी हसले नाही.

दुसरे उदाहरण एस.टी.तल्या एका वाहकाचे. पगार यांचाही बेताचाच. परंतु मुक्कामाची ड्यूटी नसेल त्या संध्याकाळी ते विहारात मुलांना गणित शिकवीत. स्वतःची दोन आणि शेजारपाजारची दहा-बारा. घरी आल्यावर भाकरीचे पीठही मळत. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता ते नेहमीप्रमाणे विहाराचे कुलूप उघडीत होते. आता तिथे अभ्यासिका आहे. त्यांचे शिकवलेले पोरगे आपल्या पोरांना घेऊन तिथे येतात.

या दोघांच्याही पासबुकांत शिल्लक साधारण सारखीच असेल. फरक आहे तो दुसऱ्या पासबुकाचा. त्यात पैसे नसतात, माणसे असतात, छंद असतो, वाचन असते, वस्तीशी असलेले नाते असते. हे खाते निवृत्तीच्या दिवशी उघडून चालत नाही. ते नोकरी चालू असतानाच, रोजच्या त्या उरलेल्या तासांतून थोडे थोडे भरावे लागते.

याचा अर्थ पैशाच्या पासबुकाकडे दुर्लक्ष करा असा नव्हे. तथागतांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला जो उपदेश केला, त्यात मालकाने सेवकाला बळाप्रमाणे काम द्यावे, अन्न-वेतन द्यावे, आजारपणात पाहावे आणि वेळोवेळी सुटी द्यावी असे सांगितले आहे. त्याच उपदेशात मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन उद्योगधंद्याला आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी बाजूला. सुटी आणि शिल्लक, दोन्हीचा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी एकाच ठिकाणी झाला, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्या समाजातली जी पिढी सत्तर-ऐंशीच्या दशकांत सरकारी नोकरीत लागली, तिला जन्मभराचे पेन्शन मिळाले. त्या पेन्शनवर कित्येक घरांतली नातवंडे शिकली. परंतु केंद्र सरकारात १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्र शासनात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना सर्वसाधारणपणे ती जुनी व्यवस्था लागू झाली नाही. खासगी आणि ठेक्याच्या नोकरीत तर परिस्थिती आणखी बिकट. म्हणून वडिलांच्या अनुभवावर मुलांनी विसंबू नये आणि पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, नोकरी बदलताना भविष्यनिर्वाह निधी काढून खाऊ नका. १९९५ सालापासून चालू असलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत ५८ व्या वर्षी मासिक पेन्शन हवे असेल तर निदान दहा वर्षांची सेवा भरावी लागते. ठेकेदार बदलला की पोरे पी.एफ. आणि पेन्शनची रक्कम काढून मोटारसायकल घेतात, आणि मागची सेवा पुसली जाते. खाते नव्या ठिकाणी वर्ग करून घ्या, म्हणजे वर्षे जोडली जातात.

दुसरी, या पेन्शनवर सगळी भिस्त ठेवू नका. २०१४ साली ठरलेल्या १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेने हिशेब केला, तर तीस वर्षे नोकरी करूनही महिना सहा-सात हजारच हाती येतात. तेव्हा स्वतःची वेगळी शिल्लक हवीच. पतपेढीत असो, पोस्टात असो, पण ती पगार झाल्याच्या दिवशी बाजूला काढावी. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचे कधी उरत नाही.

तिसरी, ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करता आला पाहिजे. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता यांना २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. पगार २६,००० आणि नोकरी ३० वर्षे असेल तर ४,५०,००० रुपये. एरवी यासाठी पाच वर्षांची सलग नोकरी लागते; ठरावीक मुदतीच्या करारावर मालकाने थेट घेतलेल्या कामगाराला नव्या संहितेने ती एका वर्षानंतरही मिळण्याची सोय झाली आहे. आपल्या नेमणुकीच्या पत्रावर काय लिहिले आहे ते वाचा.

चौथी, निवृत्तीच्या वेळी एकरकमी पैसे हातात आले की सर्वांना तुमची आठवण होते. मुलाला धंदा काढायचा असतो, पुतण्याला गाडी हवी असते, मुलीच्या लग्नाला मोठा हॉल हवा असतो, गावाकडे बंगला बांधायचा असतो. पंचशील घेऊन साध्या बौद्ध पद्धतीने लग्न लावण्याची आपली रीत आहे. ती मोडून पस्तीस वर्षांच्या घामाची एका दिवसात पंगत घालू नका. निदान निम्मी रक्कम पती-पत्नीच्या संयुक्त नावावर ठेवावी आणि पहिली सहा महिने तिला हातच लावू नये.

पाचवी, वारसनोंदणी तपासा. लग्नाआधी आईचे नाव लावलेले असते आणि पुढे ते तसेच राहते. नवरा गेल्यावर बाई कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत बसते. पी.एफ., ग्रॅच्युइटी, बँक, विमा, सगळीकडचे कागद एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे ते बायकोला माहीत असू द्या.

येत्या रविवारी एवढे करा

कामाचा कंटाळा करा असे आम्ही कोणाला सांगत नाही. कष्टाची आपल्याला लाज नाही; कष्टावरच हा समाज उभा राहिला. नोकरीच्या आठ तासांत चोख काम करावे, इतके चोख की आपल्या मागून येणाऱ्याकडे कोणी बोट दाखवू नये. परंतु त्या आठ तासांपलीकडचा वेळ हा मालकाचा उरलासुरला वेळ नव्हे. तो आपल्या मुलांचा, आपल्या जोडीदाराचा, आपल्या वाचनाचा आणि आपल्या म्हातारपणाचा वेळ आहे. तो खर्च करताना दहा वेळा विचार करावा.

येत्या रविवारी दुपारी जेवणे झाली की पेन आणि कागद घेऊन दोघांनी समोरासमोर बसावे. मुले मोठी असतील तर त्यांनाही बसवावे. प्रत्येकाने मागच्या आठवड्यातले आपले तास लिहून काढावेत. बाहेरच्या कामाचे किती, घरकामाचे किती, झोपेचे किती आणि एकमेकांशी बोलण्याचे किती. कोणाचा आकडा कुठे वाढला आणि कोणाचा कुठे आटला, हे कागदच सांगेल. मग एक संध्याकाळ ठरवा आणि ती कॅलेंडरवर खूण करून राखा. तेवढे झाले की कागदांची पिशवी काढून वारसाचे नाव तपासा. एका रविवारच्या दुपारीपुरते हे काम पुष्कळ आहे.

तुमच्या घरच्या कागदावर काय आकडे आले, हे आम्हाला जरूर कळवा. विशेषतः भगिनींनी लिहावे. निवडक पत्रांवर याच पानात पुढे केव्हा तरी बोलू.

जयभीम!